सांडपाण्यातला कोरोना : भिऊ नका, पण मोजायला सांगा



"डॉक्टर, नातू मोबाईलवर दावतोय, गटारात कोरोना घावला म्हणं. आमच्या तर दारातनंच गटार जातंय. आता काय करायचं?"

ओपीडीत आलेल्या एका आजींचा हा प्रश्न. आल्या होत्या गुडघेदुखीसाठी, पण काळजी वेगळीच होती. नातवंडांचे अंगणात खेळणे त्यांनी बंद केले होते आणि फिनेलची अख्खी बाटली गटारात ओतून झाली होती. दुसरी संडासात.

मी त्यांना दोन मिनिटांत सांगितले, "आजी, त्या गटारानं कोरोना होत नाही. जुलाब होतील, कावीळ होईल, डास होतील. भ्यायचं तर त्याला भ्या." त्या हसल्या आणि गेल्या. पण उत्तर अर्धेच झाले होते. २०२५ च्या मे-जूनमध्ये कोरोनाचे रुग्ण पुन्हा थोडे वाढल्यापासून हा प्रश्न मला बऱ्याच जणांनी विचारला आहे. म्हणून आज सविस्तर लिहितो. आधी शास्त्र, मग माझे मत, आणि शेवटी आपण घरी काय करायचे ते.

गटारात विषाणू येतो कुठून?

कोरोना हा श्वसनाचा आजार. पण त्याचा विषाणू फक्त नाका-घशात राहत नाही. आपल्या आतड्याच्या पेशींवरही त्याला चिकटायला लागणारी 'कडी' असते. म्हणूनच कोरोनात काही जणांना खोकल्याआधी जुलाब लागले होते. आजार सौम्य असला तरी साधारण निम्म्या रुग्णांच्या शौचातून विषाणूचे अंश बाहेर पडतात. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी सौम्य आजाराच्या रुग्णांचा पाठपुरावा केला. पहिल्या आठवड्यात ४९ टक्के रुग्णांच्या शौचात हे अंश होते. चार महिन्यांनी १३ टक्क्यांच्या आसपास आणि सात महिन्यांनी जवळपास ४ टक्के रुग्णांत ते तेव्हाही सापडत होते. घसा कधीच साफ झाला होता.

यात थुंकी, चूळ, नाक शिंकरलेले पाणी धरा. हे सगळे मोरीतून, संडासातून सांडपाण्यात जाते. त्यामुळे गावात कोरोना असेल तर गटारात त्याचे अंश सापडणारच. यात आश्चर्य नाही आणि लपवाछपवीही नाही.

सापडला म्हणजे जिवंत आहे का?

इथेच बहुतेकांची गल्लत होते.

आपला मुलूख मेंढरांचा. वाटेवरच्या लेंड्या पाहून जाणता मेंढपाळ सांगतो, कळप केवढा होता, कधी गेला, कुठल्या अंगाला गेला. त्याचा अंदाज सहसा चुकत नाही. पण त्या लेंड्या काही तुमचे पीक खात नाहीत. पीक खाणारी मेंढरे पुढे गेलेली असतात.

सांडपाण्यात सापडतात ते विषाणूच्या जनुकीय धाग्याचे, म्हणजे आरएनएचे, तुकडे. त्या माग ठेवून गेलेल्या लेंड्याच समजा. आरटीपीसीआर तपासणी हे तुकडे ओळखते. विषाणू जिवंत आहे की मेला, हे ती सांगत नाही.

कोरोनाच्या विषाणूभोवती चरबीचे पातळ आवरण असते. साबणाने हात धुवा, असे आम्ही घसा कोरडा होईपर्यंत सांगत होतो ते याचसाठी. साबणाने ते आवरण फाटते आणि विषाणू निकामी होतो. गटारात साबण असतो, कपड्यांची पावडर असते, ऊन असते, इतर जंतू असतात. एवढ्या गर्दीत हे नाजूक आवरण फार टिकत नाही. कोरोना गटातले विषाणू सांडपाण्यात किती टिकतात याचा प्रयोग २००९ मध्येच प्रसिद्ध झाला होता. त्यातले ९९.९ टक्के विषाणू २ ते ४ दिवसांत संपले. पाणी थंड असेल तर ते जास्त टिकतात, उष्ण असेल तर लवकर संपतात. आपल्याकडच्या उन्हाळ्याची कल्पना तुम्हाला आहेच.

पोलिओ, कावीळ, रोटा यांच्या विषाणूंना असे चरबीचे आवरण नसते. म्हणून ते चिवट असतात आणि पाण्यावाटे सहज पसरतात. आजींना मी 'त्याला भ्या' म्हणालो ते यासाठी.

मग गटारातून कोरोना कधीच झाला नाही का?

प्रामाणिकपणे सांगायचे तर कोरोनाच्या एका भावंडाने एकदा धक्का दिला आहे. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या उंच इमारतींच्या वसाहतीत सार्सची साथ आली आणि ३०० हून अधिक रहिवाशांना लागण झाली. जुलाब होत असलेला एक रुग्ण तिथे आला होता. बऱ्याच घरांतल्या न्हाणीघरातल्या जाळीखालचे ट्रॅप कोरडे पडले होते. ट्रॅपमध्ये पाणी असले की ते बुचासारखे काम करते आणि खालच्या पाइपातली हवा वर येऊ देत नाही. तिथे बूच उरले नव्हते. वर एक्झॉस्ट फॅन सुरू. त्याने मैल्याच्या पाइपातली तुषारमिश्रित हवा घरात ओढली.

यातला दोष नळकामाचा आणि बंद खोलीतल्या हवेचा होता. उघड्या गटाराशेजारून चालल्याने किंवा सांडपाण्याचा हाताला स्पर्श झाल्याने कोरोना पसरला असे जगात कुठे ठामपणे दिसलेले नाही. कोरोना पसरतो तो मुख्यतः माणसाच्या श्वासातून, बंद जागेत, दाटीवाटीत.

पण अमॉय गार्डन्सचा धडा आपल्यालाही लागू आहे. माणमधली कितीतरी घरे वर्षभर कुलूपबंद असतात. मंडळी मुंबई-पुण्याला, आणि यात्रेला किंवा मे महिन्यात गावी येतात. तोवर मोरीतला, ज्याला आपले प्लंबर 'नानी ट्रॅप' म्हणतात तो, कोरडा ठणठणीत झालेला असतो. घर उघडल्यावर पहिले काम : प्रत्येक मोरीत, संडासात, बेसिनमध्ये पाणी ओता. कोरोनासाठी म्हणून नव्हे. पाइपातली घाणेरडी हवा, झुरळे आणि डास वर येऊ नयेत म्हणूनही.

शहरातल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात विषाणूचे काय होते?

मोठ्या शहरात जमिनीखालून ड्रेनेज असते आणि सगळा मैला एका केंद्रात येतो. तिथे आधी जाळीवर कचरा अडवतात, मग वाळू बसवतात. पुढच्या टाकीत जड गाळ तळाशी बसतो. कोरोनाच्या विषाणूला गाळाच्या कणांना चिकटायची खोड आहे. त्यामुळे पाण्यापेक्षा गाळात त्याचे अंश जास्त सापडतात. मग मोठ्या टाकीत हवा सोडतात. तिथे उपयोगी जिवाणू घाण खातात आणि त्याबरोबर विषाणूंचीही मोडतोड होते. शेवटी क्लोरीन किंवा अतिनील किरण. चरबीचे आवरण असलेला विषाणू क्लोरीनपुढे फार वेळ टिकत नाही.

म्हणजे नीट चालणारे केंद्र कोरोनाला पुरून उरते. धोका असतो तो तिथल्या कामगारांना, आणि तोही मुख्यतः इतर जंतूंचा. हातमोजे, गमबूट, मास्क, डोळ्यांना चष्मा आणि कामानंतर आंघोळ, एवढे त्यांना मिळालेच पाहिजे. केंद्र नीट चालत नसेल तर मैला तसाच नदीत जातो. मग कोरोना राहतो बाजूला, हगवण आणि कावीळ पुढे येतात.

मग शास्त्रज्ञ गटारात कोरोना शोधतात तरी कशाला?

माणूस दुखणे लपवतो. संडास लपवत नाही.

२०२० आठवा. मुंबईहून आलेल्या आपल्याच माणसांना वेशीवर अडवले गेले. शाळेत विलगीकरण. तपासणीचे नमुने पुण्याला जायचे, अहवाल यायला दिवस लागायचे. सेंटरमध्ये नेतील या भीतीने कितीतरी जणांनी ताप अंगावर काढला आणि आम्हा डॉक्टरांना 'उन्हाचा ताप' म्हणून सांगितला. कागदावरचा आकडा आणि गावातला आजार यांचा मेळच नव्हता.

सांडपाण्याला कोणी प्रश्न विचारत नाही, त्याला लाज नाही आणि भीती नाही. तपासणीला आलेला, न आलेला, लक्षणे असलेला, नसलेला, सगळ्यांचा हिशोब त्यात येतो. आणि तो लवकर येतो. कारण माणूस दवाखान्यात येण्याआधीच त्याच्या शौचातून विषाणू जायला लागतो. म्हणून सांडपाण्यातली वाढ दवाखान्यातल्या वाढीच्या काही दिवस आधी दिसू शकते.

नेदरलँड्समध्ये मार्च २०२० मध्येच हे दिसले. तिथल्या आमर्सफोर्ट शहराच्या सांडपाण्यात विषाणूचे तुकडे सापडले तेव्हा शहरात एकाही रुग्णाची नोंद झालेली नव्हती. भारतात आयआयटी गांधीनगरच्या शास्त्रज्ञांनी मे २०२० मध्ये अहमदाबादच्या सांडपाण्यात ते शोधले. ऑगस्ट २०२० मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी आणि आयआयसीटी या संस्थांनी सांडपाण्यावरून अंदाज बांधला की शहरात त्यावेळी सुमारे २ लाख लोकांच्या शरीरातून विषाणू बाहेर पडत असावा. तपासणीतून कळलेला आकडा त्याहून कितीतरी लहान होता.

आणि आपले पुणे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या, म्हणजे एनसीएलच्या, शास्त्रज्ञांनी डिसेंबर २०२० ते मार्च २०२१ या काळात पुण्यातल्या उघड्या नाल्यांचे पाणी घेऊन त्यातल्या विषाणूची जनुकीय रचना वाचली. दुसरी लाट यायच्या तोंडावरचा हा काळ. पुढे नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ मध्ये शहरातल्या १० सांडपाणी प्रक्रिया केंद्रांतून ४४२ नमुने तपासले गेले. डेल्टा मागे पडून ओमायक्रॉन कसा पुढे आला, हे त्या घाण पाण्यात उमटलेले दिसले. एकाही पुणेकराच्या नाकात काडी न घालता.

हे करतात कसे? केंद्रात शिरणारे, प्रक्रिया न झालेले पाणी बाटलीत घेतात. बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत नेतात. गाळून, आटवून त्यातला विषाणूचा अंश एकवटतात आणि मग आरटीपीसीआर. एक अडचण उरते. पाऊस पडला की पाणी वाढते आणि विषाणू विरळ होतो. मग तुलना कशी करायची? त्यावर एक गमतीशीर तोड आहे. मिरचीच्या झाडाला होणारा एक विषाणू आपल्या पोटातून निमूटपणे खाली जातो, आपल्याला काहीही न करता. मिरची खाणाऱ्या कुठल्याही वस्तीच्या मैल्यात तो भरपूर असतो. हा मिरचीचा विषाणू किती आहे त्यावरून मैला किती पातळ झाला ते कळते आणि कोरोनाचे माप दुरुस्त करता येते. आपल्या भागातला ठेचा पाहता इथे तो कमी पडायची चिंता नाही.

हे नवे खूळ आहे का?

अजिबात नाही. मुंबईत २००१ पासून पोलिओसाठी गटाराचे पाणी तपासले जात आहे. मी तरुण डॉक्टर असताना पल्स पोलिओच्या बूथवर बसायचो, तेव्हा मलाही वाटायचे की पोलिओ म्हणजे लुळे पडलेले मूल. पण पोलिओच्या विषाणूने शिरकाव केलेल्या शेकडो मुलांपैकी एखादेच लुळे पडते. बाकीची ठणठणीत दिसतात आणि विषाणू शौचातून पसरवत राहतात. ते गटारातच कळते. मुंबईच्या सांडपाण्यात रानटी पोलिओ शेवटचा सापडला नोव्हेंबर २०१० मध्ये. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये, पश्चिम बंगालमधल्या हावड्यात. २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. 'आता खरोखरच नाही' असे छातीठोकपणे म्हणता आले त्यामागे गटाराच्या बाटल्याही होत्या. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला, तेव्हा एकही मूल लुळे पडायच्या आत तिथे लहान मुलांना जादा डोस दिले गेले.

आता माझे मत : माणची मोजणी कोण करणार?

हे सगळे वाचून मला आनंद होतो आणि मग एक गोष्ट टोचते. अहमदाबाद, हैदराबाद, पुणे, मुंबई. सगळी नावे ड्रेनेज असलेल्या शहरांची. २०२५ मध्ये आयसीएमआरने १० विषाणूंसाठी ५० शहरांत सांडपाण्याची तपासणी करायचे जाहीर केले. चांगलेच आहे. पण ५० शहरांत दहिवडी नाही, म्हसवड नाही, शेजारचे आटपाडीही नाही. यायचे तरी कसे? ज्याला जमिनीखालचे ड्रेनेज म्हणतात ते आपल्याकडे आहे कुठे? आपल्याकडे सेप्टिक टँक आहेत, शोषखड्डे आहेत, दारापुढची उघडी गटारे आहेत आणि शेवटी ओढा. ओढा जातो माणगंगेत. नदी वर्षाचे बरेच महिने कोरडी, त्यामुळे जे वाहते त्यात पाणी कमी आणि आपले सांडपाणी जास्त.

दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, सातारा जिल्हा राज्यात सर्वाधिक पोळलेल्या जिल्ह्यांपैकी होता. बेडसाठी लोक साताऱ्यापर्यंत, कऱ्हाडपर्यंत फिरले. लाट वस्तीवर पोहोचली आहे हे आम्हाला कधी कळले? रात्री दोन वाजता ऐंशीच्या आत ऑक्सिजन असलेला माणूस जीपमधून उतरवला तेव्हा. आठवडाभर आधी इशारा मिळाला असता तर प्रत्येक जीव वाचला असता असे मी म्हणणार नाही. पण ऑक्सिजनचे सिलिंडर आधी भरून ठेवता आले असते. लग्ने पुढे ढकला असे सांगताना माझ्याकडे पुरावा असता. तेव्हा माझ्याकडे फक्त आवाज होता.

ज्याची मोजणी होत नाही त्याच्या वाट्याला लस, औषध, बेड शेवटी येतो. दुष्काळी तालुक्याला हे वेगळे सांगायला नको. आणेवारीच्या आकड्यावर आपले काय काय ठरते ते आपण पिढ्यान्पिढ्या पाहतो आहोत.

ड्रेनेज नाही म्हणून मोजणी होत नाही, हे कारण मला पटत नाही. पुण्यात उघड्या नाल्यांचे पाणी तपासले गेलेच ना? मग आपल्याकडेही ठिकाणे आहेत. बाजारपेठेचे गटार ओढ्याला मिळते ती जागा. एसटी स्टँडचे सार्वजनिक शौचालय. ग्रामीण रुग्णालय. मुला-मुलींची वसतिगृहे. आणि यात्रा! शिखर शिंगणापूरची चैत्रातली यात्रा, म्हसवडच्या सिद्धनाथाचा मार्गशीर्षातला रथ, गोंदवल्याचा पुण्यतिथी उत्सव. लाखो माणसे चार जिल्ह्यांतून आणि परराज्यांतून येतात, जेवतात, राहतात, परत जातात. त्या दिवसांत तात्पुरत्या शौचालयांचा मैला जिथे गोळा होतो तिथून घेतलेल्या दोन-चार बाटल्या खूप काही सांगतील.

सेप्टिक टँकचे मात्र एक पथ्य आहे. तीन-चार वर्षे साचलेल्या गाळात या आठवड्याची बातमी नसते, जुनी रद्दी असते. म्हणून नमुना ताज्या वाहत्या मैल्याचाच हवा. पण सेप्टिक टँकच्या गाळाची नीट व्यवस्था करता येते हे आपल्याच जिल्ह्यातल्या वाईने दाखवले आहे. तिथे २०१८ पासून ठरलेल्या वेळापत्रकाने घरोघरचे टँक उपसले जातात आणि गाळ प्रक्रियेसाठी एका ठिकाणी नेला जातो. 'भरून वाहायला लागला की गाडी बोलवू आणि ती कुठे ओतते ते विचारू नको' हा आपला रिवाज. त्यापुढे वाई कितीतरी पुढे आहे. तालुक्यात असे केंद्र झाले तर तपासणीलाही एक जागा मिळेल.

यावर तुम्ही म्हणाल…

"डॉक्टर, प्यायला टँकरचे पाणी, आणि तुम्ही गटाराचे पाणी तपासायला निघालात?" रास्त आहे. नुसत्या कोरोनासाठी मीही हे मागणार नाही. पण त्याच बाटलीत कॉलरा, टायफॉइड, कावीळ, पोलिओ शोधता येतात. पाणी कमी असलेल्या गावातच पाण्याचे आजार जास्त, कारण एकाच विहिरीवर सगळ्यांचा भार.

"गावाची बदनामी होईल." ही भीतीही खरी आहे. २० उंबऱ्यांच्या वस्तीचा नमुना घेतला तर कोणाच्या घरात आजार आहे हे लोक बोटे मोजून काढतील. २०२० चे ते दिवस मी विसरलेलो नाही. म्हणून नमुना मोठ्या लोकसंख्येचा, निदान काही हजारांचा असावा, आणि निष्कर्ष गावाला दोष द्यायला नव्हे तर मदत पाठवायला वापरावा.

"आकडा कळून करणार काय?" हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. आकडा कपाटात राहणार असेल तर बाटली धुऊन ठेवा. आकडा वाढला की तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी त्याच दिवशी सगळ्या डॉक्टरांना, अगदी खासगी डॉक्टरांनाही, कळवले पाहिजे आणि दवंडी पिटली पाहिजे : म्हाताऱ्या माणसांना जपा, खोकला असेल तर मास्क लावा. एवढे झाले तरी पुष्कळ.

आणि सांडपाण्याला मर्यादाही आहेत. कोण आजारी आहे हे ते सांगत नाही. तुमच्या तापाचे निदान ते करत नाही. नेमका आकडाही देत नाही, चढ की उतार ते सांगते. दवाखान्यातल्या तपासणीला ते जोड आहे, पर्याय नाही.

तुम्ही काय करायचे?

• गटाराच्या भीतीने मुलांना घरात कोंडू नका. गटारात खेळू देऊ नका, आणि घरात शिरताना व जेवणाआधी हात साबणाने धुवायला लावा. संडासाहून आल्यावर तर धुवाच.

• संडासात फिनेल, ॲसिड बाटलीने ओतू नका. सेप्टिक टँकमध्ये मैला पचवणारे जिवाणू त्याने मरतात आणि टँक लवकर भरतो. कोरोनावर त्याचा काडीचा उपयोग नाही.

• घरात कोरोनाचा किंवा जुलाबाचा रुग्ण असेल तर फ्लश करताना झाकण लावा, संडासाची खिडकी उघडी ठेवा, नळाची तोटी आणि कडी साबणाच्या पाण्याने पुसा.

• सेप्टिक टँकच्या गॅस पाइपाला जाळी बांधा. डास तिथेच वाढतात.

• शोषखड्डा विहिरीपासून, बोअरपासून निदान १५-२० मीटर लांब हवा.

• ग्रामपंचायतीत जाऊन दोन गोष्टी विचारा. टाकीत टीसीएल पावडर रोज पडते का, आणि नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट कधी झाली. पाण्यात शंका असेल तर उकळून प्या.

• टँक उपसायला माणूस आत उतरवू नका. कितीही घाई असो, कितीही कमी पैशांत तो तयार होवो. आतल्या विषारी वायूने दोन श्वासांत माणूस पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. २०१३ च्या कायद्याने हे बंद आहे. पंपाची गाडीच बोलवा आणि ती गाळ कुठे ओतणार हे विचारा.

आणि एक काम ग्रामसभेत करा. पुढच्या ग्रामसभेला उभे राहून विचारा, 'आपल्या गावचे सांडपाणी शेवटी कुठे जाते? ते कोणी तपासले आहे का?' पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक गावांत कोणालाच नीट माहीत नसते. ते शोधायला निघालात तरी अर्धे काम होईल.

त्या आजी परवा पुन्हा आल्या. गुडघा बरा आहे. जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, आमच्या गटाराचं पाणी वड्यात जातंय आन् वड्याच्या काठालाच पाण्याची हीर हाय. हे कुनाला सांगायचं?"

मी म्हटले, "आजी, हे गटारात कोरोना घावला यापेक्षा मोठं आहे. चला, अर्ज मीच लिहून देतो. तुम्ही अंगठा करा."

काळजी घ्या. शंका असतील तर ओपीडीत जरूर विचारा.